शाळेचा वर्ग मतदानासाठी घेताना आणि परत देताना : निवडणूक यंत्रणेला खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व जिल्हा निवडणूक अधिकारी व निवडणूक निर्णय अधिकारी

प्रत : मुख्य निवडणूक अधिकारी, राज्य निवडणूक आयोग, शालेय शिक्षण विभाग

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात १,००,१८६ मतदान केंद्रे होती. त्यांतली बरीचशी शाळांच्या वर्गांत होती, आणि ते योग्यच होते. मतदाराला घरापासून दोन किलोमीटरच्या आत केंद्र मिळायला हवे. ते देवळात, दवाखान्यात किंवा पोलीस ठाण्यात नको. कोणत्याही पक्षाच्या कार्यालयापासून २०० मीटरच्या आत नको. खोली निदान २० चौरस मीटरची हवी. या सगळ्या अटींत बसणारी सार्वजनिक इमारत बहुतेक गावांत एकच असते. तेव्हा निवडणुकीला शाळा देऊ नका, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आम्ही शाळा चालवतो, आणि मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी, बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून कामही आम्हीच करतो. दोन्ही बाजूंनी जे दिसते ते लिहीत आहोत.

आमची मुख्य मागणी अशी : मतदानाच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रत्येक शाळेत ती इमारत ओळखणारा एक माणूस नेमा, आणि वर्ग ताब्यात घेताना व परत देताना खोलीनिहाय लेखी नोंद करा.

सध्या काय होते ते पाहा. मतदान कर्मचाऱ्यांच्या नेमणुका संगणकावर सरमिसळ करून होतात. ज्या मतदारसंघात माणूस राहतो किंवा नोकरी करतो, तिथे त्याला ड्यूटी देत नाहीत. निःपक्षपातीपणासाठी हे हवेच. पण त्यामुळे दोनशिक्षकी शाळेतले दोघेही दुसऱ्या तालुक्यात जातात आणि त्यांच्या शाळेत येणारे पथक तिसऱ्याच तालुक्यातले असते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला सहसा शिपाई नसतो. किल्ल्या मग कोतवालाकडे, पोलीस पाटलांकडे नाहीतर शेजारच्या घरी ठेवून जावे लागते. संध्याकाळी पथक पोहोचते तेव्हा त्यांच्या हाती फक्त किल्ल्यांचा जुडगा पडतो. कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, मेन स्विच कुठे आहे, टाकीत पाणी चढवायची मोटर कोणत्या बटणावर चालते, कोणत्या खिडकीची झडप बसत नाही, हे सांगायला कोणी नसते. बीएलओ गावचेच असतात, पण मतदानाच्या दिवशी ते मतदार सहायता कक्षात यादी घेऊन बसलेले असतात. त्यांना तिथून उठवले की नाव न सापडणाऱ्या मतदारांची तिथेच गर्दी होते.

म्हणून एका इमारतीत केंद्रे कितीही असोत, त्या शाळेच्या एका कर्मचाऱ्याला बाहेरच्या ड्यूटीतून वगळून इमारत सहायक म्हणून लेखी नेमणूक द्या. भत्ता इतर मतदान कर्मचाऱ्यांसारखाच द्या. मतदान सुरू असताना केंद्राध्यक्षांनी बोलावल्याशिवाय त्याने खोलीत जायचे नाही, हे नेमणूक पत्रातच लिहा, म्हणजे उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींच्या आक्षेपाला जागा राहणार नाही. हे काम शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना मात्र देऊ नका. गावच्या राजकारणात त्यांचे कुठे ना कुठे नाते असतेच, आणि उमेदवारांनी बोट दाखवले की ते चुकीचेही म्हणता येत नाही. आजारपणामुळे ड्यूटीतून वगळलेल्या शिक्षकालाही नको, कारण बाक हलवायचे असतात आणि रात्री-अपरात्री मोटर चालू करायची असते. एका इमारतीमागे एक कर्मचारी मतदान पथकांना कमी पडेल हे आम्हाला मान्य आहे. पण आज त्याच माणसाच्या अभावी काही केंद्रे मिळून देखरेख करणाऱ्या क्षेत्रीय अधिकाऱ्यांचा आदल्या दिवशीचा वेळ कुलपे, पाणी आणि वीज यांतच जातो.

आता खोल्यांबद्दल. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २५ खाली केंद्रांची यादी भारत निवडणूक आयोगाच्या मान्यतेने प्रसिद्ध होते आणि तिच्यात खोलीचे वर्णन असते : जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, खोली क्रमांक २, पूर्व बाजू. यादी छापली जाते, पण शाळा बदलत राहते. रंगकाम झाले की दारावरचा क्रमांक पुसला जातो. नव्या दोन खोल्या बांधल्या की क्रमांक पुढे सरकतात. धोकादायक खोलीचे निर्लेखन होऊन ती पाडली जाते, पण यादीत तिचे नाव राहते. एका आवारात पाच-सहा केंद्रे असली की सकाळी सात वाजता माणसे चुकीच्या दारापुढे उभी राहतात, अर्ध्या तासाने आत पोहोचतात आणि पहिला मतदान अधिकारी सांगतो की तुमचा यादी भाग पलीकडच्या खोलीत आहे. अशी चार माणसे परत फिरली की रांगेत वाद सुरू होतो.

याला उपाय स्वस्त आहे. प्रत्येक खोलीच्या दारावरच्या पट्टीवर ऑइलपेंटने एक कायमचा क्रमांक टाका. तो निवडणुकीसाठीच असेल. इयत्ता बदलो, तुकडी बदलो, त्याला हात लावायचा नाही. केंद्राच्या नोंदीला शाळेचा यू-डायस क्रमांक (शालेय माहितीच्या सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक) जोडा. मात्र यू-डायसमधल्या उत्तरांवर विसंबून केंद्र मंजूर करू नका. तिथे रॅम्प आहे का, शौचालय आहे का, वीज आहे का, हे शाळेसाठी एकदाच विचारलेले असते. कार्यालयाच्या पायरीला रॅम्प असला तरी उत्तर ‘होय’ येते. मतदान मात्र मैदानापलीकडच्या खोलीत होणार असते.

आयोगाने २०२५ मध्ये एका केंद्रावरची कमाल मतदारसंख्या १,५०० वरून १,२०० वर आणली. रांगांसाठी ते चांगलेच झाले, पण त्याच शाळेत आता जास्त खोल्या लागतात. चांगल्या खोल्या आधीच घेतलेल्या असतात. उरते ती प्रयोगशाळा, वाचनालय, पोषण आहाराच्या तांदळाची कोठी, नाहीतर शहरी शाळेत पहिला मजला. वरचा मजला घेऊच नका. लिफ्ट आहे असे कोणी सांगितले तर वीज गेल्यावर काय, हे विचारा. कोठीही नको, कारण धान्याच्या साठ्याची जबाबदारी मुख्याध्यापकाची असते आणि पोती एका रात्रीत हलवून परत मोजून घेता येत नाहीत. खोल्या कमी पडत असतील तर मोकळ्या जागेत मंडप घालून तात्पुरते केंद्र करणे परवडते.

रॅम्पविषयी जरा तपशिलात लिहितो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ११ प्रमाणे प्रत्येक मतदान केंद्र सुगम असणे बंधनकारक आहे. सुगम उताराचे प्रमाण एकास बारा. वर्गाचे जोते ४५ सेंटिमीटर म्हणजे तीन पायऱ्यांचे असेल, तर रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. प्रत्यक्षात आदल्या दिवशी दीड-दोन मीटरची प्लायवूडची फळी पायऱ्यांवर टाकली जाते. त्या उतारावर चाकाची खुर्ची मागून ढकलणाऱ्याचाही पाय घसरतो, आणि पुढे बसलेल्या म्हातारीला जीव मुठीत धरावा लागतो. पाच मीटरचा पक्का रॅम्प एका दिवसात होत नाही. केंद्र मंजूर करतानाच जोत्याची उंची टेपने मोजून नोंदवा, म्हणजे कोणत्या खोलीला किती लांब रॅम्प लागेल हे महिनाभर आधी कळेल. रॅम्प चढून गेल्यावर उंबरठा येतो. दोन-तीन इंचांच्या उंबरठ्यालाही पुढचे चाक अडते, तिथे लाकडी पाचर लागते. ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना १२-ड नमुना भरून घरून मतदान करता येते हे खरे, पण ज्यांना केंद्रावर यायचे आहे त्यांचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

दाराचीही अशीच गोष्ट. केंद्राला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेगळी वाट हवी. दार एकच असेल तर मधोमध बांबू व दोरी लावून दोन भाग करायचे, असे केंद्राध्यक्षांची पुस्तिका सांगते. वर्गाचे दार साधारण चार फुटांचे असते. त्याचे दोन भाग केले की प्रत्येक वाट दोन फुटांची होते आणि चाकाची खुर्ची तिथेच अडकते. म्हणून बांबू पक्का रोवू नका. दोरी एका बाजूने आकड्यात अडकवा, म्हणजे खुर्ची आली की क्षणात काढता येते. शक्यतो दोन दारांचीच खोली निवडा. जुन्या कौलारू शाळांत दोन वर्गांच्या मधले दार बऱ्याचदा कपाट लावून बंद केलेले असते. कपाट हलवले की दुसरी वाट मिळते, पण कपाट हलवायला शाळेचा माणूस लागतो.

वेळेचे गणित पाहिले की दाराला एवढे महत्त्व का, हे समजेल. सकाळी सात ते संध्याकाळी सहा म्हणजे ६६० मिनिटे. १,२०० मतदारांपैकी ६५ टक्के आले तर ७८० जण. एका मतदाराला ५१ सेकंद मिळतात. पण मतदार सारख्या वेगाने येत नाहीत. निम्मे जण पहिल्या चार तासांत आले तर एकाला ३७ सेकंद उरतात. तेवढ्यात पहिल्या अधिकाऱ्याने मतदार यादीच्या चिन्हांकित प्रतीत नाव शोधून मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मतदारांच्या १७-अ नोंदवहीत सही घेऊन शाई लावायची, तिसऱ्याने चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटचे बटण दाबायचे. मतदाराने बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅट या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातली चिठ्ठीच सात सेकंद दिसते. या साखळीत बाहेर जाणारा मतदार आत येणाऱ्याला आडवा गेला की प्रत्येकी पाच-सात सेकंद जातात, आणि अकरा वाजेपर्यंत रांग फाटकाबाहेर जाते. महापालिकांच्या बहुसदस्य प्रभागांत तर एका मतदाराला तीन-चार मते द्यायची असतात. तिथे खोलीची मांडणी चुकली तर वेग आणखी पडतो.

मांडणी बाकांवर होत नाही, हे कृपया लक्षात घ्या. प्राथमिक शाळेतल्या डेस्कची फळी जेमतेम फूट-सव्वा फूट रुंद असते आणि बऱ्याच ठिकाणी उतरती असते. मतदान कक्षाचा पुठ्ठा दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच. त्यात बॅलेट युनिट आणि व्हीव्हीपॅट शेजारीशेजारी बसवायची. एका बॅलेट युनिटवर नोटा धरून १६ नावे मावतात. उमेदवार त्याहून जास्त झाले की दुसरे युनिट येते आणि कक्ष आणखी रुंद करावा लागतो. यासाठी अडीच फूट उंचीचे सपाट, न डगमगणारे टेबल लागते. एका केंद्राला अशी निदान चार टेबले आणि दहा-बारा मोठ्या खुर्च्या हव्यात. पहिली-दुसरीच्या वर्गांत बुटक्या खुर्च्या किंवा नुसत्या सतरंज्या असतात. फर्निचर उपलब्ध, एवढाच शेरा मारून तपासणी संपवू नका. टेबले मोजा, त्यांची उंची मोजा आणि कमी असतील तर ग्रामपंचायत, हायस्कूल किंवा मंडपवाल्याकडून आणण्याची जबाबदारी नाव घालून कोणावर तरी टाका.

कक्ष कुठे ठेवायचा हे दिवसाच्या उजेडात ठरवायला हवे. वर्गाला दोन्ही बाजूंनी खिडक्या असतात आणि मतदाराची पाठ खिडकीकडे नको. झडप नसलेल्या खिडकीला वर्तमानपत्रे चिकटवली जातात. त्यांत पक्षांच्या जाहिराती असतात, म्हणून कोरा जाड पुठ्ठाच वापरा. शाळेने वर्गात सीसीटीव्ही बसवला असेल तर त्याच्या भिंगावर जाड कागदाची टोपी बांधा आणि मतदान प्रतिनिधींना दाखवून त्यांच्या सह्या घ्या. वेबकास्टिंगचा कॅमेराही असाच लावायचा, की खोली दिसेल पण मतदाराचा हात कुठल्या बटणावर जातो ते दिसणार नाही. व्हीव्हीपॅटच्या डोक्यावर ट्यूबलाइट नको, आणि उन्हाची तिरीपही नको. मे २०१८ च्या भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट मोठ्या संख्येने बंद पडली आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. यंत्रातल्या सेन्सरवर थेट प्रकाश पडणे हे त्याचे एक कारण सांगितले गेले. वर्गात ट्यूब बहुधा मधोमध किंवा फळ्यावर असते. पूर्वेकडच्या खिडकीतून ऊन कुठवर येते हे त्या वर्गात रोज शिकवणारा बघितल्याबरोबर सांगेल. परगावचे पथक संध्याकाळी पोहोचते, तेव्हा ते कळायला मार्ग नसतो.

अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, मतदानाच्या दीड तास आधी, म्हणजे साडेपाचला सुरू होते. नोव्हेंबर ते जानेवारीत तेव्हा मिट्ट काळोख असतो. प्रतिनिधींसमोर निदान ५० मते टाकायची, चिठ्ठ्या मोजायच्या, यंत्र क्लिअर करायचे, आणि त्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या. हे मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात होऊ नये. थकीत बिलामुळे वीज तोडलेल्या शाळांची यादी महावितरणकडून महिनाभर आधी मागवा. आदल्या संध्याकाळी आकडा टाकून उजेड केलेले केंद्र कोणाच्याच हिताचे नाही. जिथे वीज आहे तिथेही वर्गात दाराजवळ एकच बोर्ड असतो आणि त्यावर एकच सॉकेट. त्यावर कॅमेरा, राउटर, पंखा आणि पथकाचे मोबाइल असे सगळे लागते. दर दोन तासांनी टक्केवारी कळवायची असल्याने मोबाइल चार्ज करणे भागच असते. मग कोणीतरी कॅमेऱ्याची पिन काढतो आणि नियंत्रण कक्षातून फोन सुरू होतात. कॅमेऱ्यासाठी वेगळे एक्स्टेंशन द्या, त्यावर चिठ्ठी लावा आणि वायर भिंतीच्या कडेने टेपने चिकटवा.

भिंतींचा विषय तुम्हाला कदाचित किरकोळ वाटेल. पहिलीच्या वर्गात मुळाक्षरांचा तक्ता असतो आणि त्यात क कमळाचा असतो. घड्याळाचे चित्र वेळ शिकवायला असते. हाताची पाच बोटे मोजायला असतात. अपक्षांना मिळणारी मुक्त चिन्हे तर रोजच्या वापरातल्या वस्तूंचीच असतात, म्हणजे शब्दचित्रांचे तक्ते त्यांनीच भरलेले. हे झाकायलाच हवे, यात दुमत नाही. पण ते झाकतात कसे? सकाळी प्रतिनिधीने हरकत घेतली की तक्ता ओढून काढला जातो. तो शिक्षकाने महिनाभर बसून केलेला असतो आणि फाटतो. भिंतीवर रंगवलेल्या चित्रावर कागद लावून रुंद सेलोटेप मारली जाते. ती काढताना डिस्टेंपरचे पापुद्रे निघतात आणि चित्राचा अर्धा भाग जातो. त्याऐवजी तपकिरी कागदाचा रोल आणि मास्किंग टेप साहित्यासोबत द्या. मास्किंग टेप रंगाला धरून येत नाही. छापील तक्ते शाळेच्या माणसाने आदल्या दिवशीच उतरवून कपाटात ठेवावेत. कोणत्या निधीतून खोली बांधली हे सांगणारी, लोकप्रतिनिधींच्या नावांची कोनशिला बाहेर असते, तीही त्याच रोलने झाकता येते. उमेदवारांची यादी आणि मतदान क्षेत्राची नोटीस केंद्राबाहेर लावावीच लागते, पण डिंकाने किंवा खळीने भिंतीवर नको. दोरीने टांगलेला हार्डबोर्ड पुरतो. मागल्या निवडणुकीच्या नोटिसांचे तुकडे अजून चिकटलेल्या भिंती कितीतरी शाळांत आहेत.

मैदानावर १०० मीटरची रेषा चुन्याच्या फक्कीने मारली जाते. दुसऱ्या दिवशी मुले त्यावर लोळतात आणि तो चुना डोळ्यांत जातो. आवारात तरी दोरी किंवा खडूची पूड वापरा. मंडपाचे बांबू पेव्हर ब्लॉक उखडून रोवू नका, वाळूने भरलेल्या डब्यांत उभे करा. आणि मंडप रांगेवर घाला. पुष्कळदा तो फाटकाच्या कमानीला शोभा म्हणून असतो आणि रांग उन्हात उभी असते. मोबाइल जमा करण्याच्या खणांच्या पेट्याही सावलीत, रांगेच्या तोंडाशी हव्यात.

पाण्याचे गणितही आधी करता येते. पाच केंद्रांची शाळा धरा. प्रत्येकी चार मतदान कर्मचारी आणि एक पोलीस, म्हणजे २५ माणसे मुक्कामाला. रात्र आणि दिवस मिळून माणशी ४० लिटर धरले तरी १,००० लिटर होतात. वर ३,९०० मतदारांनी पाव-पाव लिटर पाणी प्यायले की आणखी सुमारे १,००० लिटर. शाळेच्या टाक्या बहुधा ५०० किंवा १,००० लिटरच्या असतात, म्हणजे दुपारच्या आतच कोरड्या. नळपाणी योजनेचे पाणी एक दिवसाआड येत असेल तर टँकर सांगून ठेवा. प्राथमिक शाळेतली शौचालये लहान मुलांच्या मापाची असतात आणि मुलींच्या शौचालयाची आतली कडी बऱ्याचदा तुटलेली असते. महिला कर्मचारी तिथे रात्र काढतात. कडी, दिवा, बादली, मग आणि झाकणाची कचरापेटी या पाच गोष्टी आदल्या दिवशी दुपारपर्यंत तपासल्याची सही इमारत सहायकाकडून घ्या.

मतदान संपल्यानंतरच्या तासाकडे कोणाचेच लक्ष नसते. सहा वाजता रांगेतल्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटल्या जातात, ते मतदान संपते, १७-क (झालेल्या मतांचा हिशेब) च्या प्रती प्रतिनिधींना दिल्या जातात आणि मग सीलिंग सुरू होते. पथक दमलेले असते, बाहेर एसटी हॉर्न वाजवत असते. मेणबत्ती बाकावरच उभी केली जाते, लाख वितळवून पाकिटावर टाकताना ती डेस्कवर सांडते आणि घट्ट बसते. ती खरवडायला गेले की सनमायका निघतो. पक्क्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते, त्याचा डाग लाकडावरून जातच नाही. शाईची बाटली वाळूच्या डब्यात खोचून ठेवायची सूचना आहेच, पण डबा आणि वाळू कोणी पुरवायची हे ठरलेले नसल्याने बाटली नुसती टेबलावर ठेवली जाते आणि कलंडते. प्रत्येक केंद्राला पत्र्याचा एक पसरट ट्रे द्या. दिवसभर त्यात वाळू घालून शाई ठेवा आणि सीलिंगही त्यातच करा. साहित्यात ब्लेड, टाचण्या, ड्रॉइंग पिना असतात. ब्लेड मोजून परत घ्या. सकाळी त्याच फरशीवर सहा वर्षांची मुले अनवाणी बसतात.

पैशांबद्दल स्पष्टच लिहितो. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान १०,००० रुपये आहे. त्यात खडूपासून दुरुस्तीपर्यंत सगळे बसवायचे असते. निवडणुकीनंतरची सफाई, तुटलेली कडी, जळलेला डेस्क, संपलेली टाकी यांचा खर्च त्यातून करायला लावणे अन्यायाचे आहे. खोलीमागे सफाईची एक ठरावीक रक्कम निवडणूक खर्चातून मतदानाच्या आधीच द्या, आणि नुकसानभरपाई परतीच्या नोंदीवरून महिनाभरात द्या. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १६० खाली अधिग्रहित केलेल्या खाजगी इमारतींसाठी कलम १६१ मध्ये भरपाईची तरतूद आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत सार्वजनिक म्हणून फुकट रंगवून मिळत नाही.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २७ ने निवडणुकीचे काम शिक्षकांना देण्याची मुभा ठेवली आहे, आणि २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते शक्यतो सुट्टीच्या दिवशी व अध्यापनाच्या वेळेबाहेर घ्यावे असे सांगितले आहे. त्याच २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायला हवी. केंद्र असलेल्या शाळेचे एका निवडणुकीत तीन दिवस जातात. केंद्र नसलेली पण सगळे शिक्षक ड्यूटीवर गेलेली शाळाही बंदच राहते. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत आणि प्रशिक्षणे धरली की पाच वर्षांत हा आकडा लहान राहत नाही. सुट्टीबाबत मुख्याध्यापकांनी आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा, असे मोघम पत्र आदल्या आठवड्यात काढू नका. कोणत्या शाळेचा ताबा किती वाजता घेणार आणि किती वाजता परत देणार, हे शाळेचे नाव घालून १५ दिवस आधी कळवा, म्हणजे बुडणारा अभ्यास भरून काढायचे वेळापत्रक पालकांना सांगता येईल.

ताब्याची नोंद एका पानात मावते : खोलीचा कायमचा क्रमांक, बाक, टेबले व खुर्च्यांची संख्या, खिडक्यांच्या काचा, पंखे, दिवे, सॉकेट, दारे-कड्या, भिंतीवरचे साहित्य, किल्ल्यांची संख्या, चारही भिंतींचा एकेक फोटो. देताना इमारत सहायक आणि केंद्राध्यक्ष सही करतील, परत घेताना इमारत सहायक आणि क्षेत्रीय अधिकारी. मतदानानंतर पथकाला स्वीकृती केंद्रावर पोहोचायची घाई असते, म्हणून परतीची सही त्यांच्याकडून रात्रीच घेण्याचा आग्रह धरू नका. ती दुसऱ्या दिवशी सकाळी, सफाई झाल्यावर, उजेडात होऊ द्या.

आमच्याकडून आम्ही एवढे करू : मागणी आल्यापासून १५ दिवसांत प्रत्येक शाळेचा हाताने काढलेला आराखडा तहसील कार्यालयात देऊ. त्यात खोल्या, दारे, खिडक्या, जोत्याची उंची, मेन स्विच, पाण्याची टाकी आणि शौचालये मापांसह दाखवलेली असतील. आपल्या तपासणी पथकाने तो हातात घेऊन शाळेत यावे. आणि ज्या खोल्या आम्ही लाल शाईने खोडलेल्या असतील, त्या केंद्रांच्या यादीत घेऊ नयेत.

आपले विश्वासू,
शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक आणि मतदान केंद्रांवर काम केलेले कर्मचारी